पाचवी पिन

“झाकण?” शेडबाळे मास्तरांनी विचारलं.

“रिकामं,” मी म्हणालो.

मास्तरांनी वहीत बरोबरची खूण केली, पेन कानावर खोवलं आणि ते विंचकडे चालायला लागले. वाघजाईच्या पठारावर अकरा वाजायच्या आतच ऊन चटके देत होतं. एप्रिलचा दुसरा रविवार होता. त्याला आता एकतीस वर्षं झाली.

आमच्या क्लबात ग्लायडर जोडून झालं की हे दोन शब्द व्हायचेच. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. ते लांब पेटीतून बाहेर काढायचं, पंख अंगाला जोडायचे आणि पायलटच्या हातातल्या दांड्यापासून पंखांपर्यंत, शेपटीपर्यंत जाणाऱ्या सळ्या एकमेकींत अडकवायच्या. असे सांधे पाच. शेपटीतला एक उघड्यावर होता, पण बाकीचे चार पायलटच्या पाठीमागं, पोटात. ताटलीएवढ्या झडपेतून कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि बोटांनी चाचपत काम करायचं. सांधा धरून ठेवणारी जिभळी, म्हणजे लहानशी खिटी, मागं सरकू नये म्हणून प्रत्येक सांध्याला एक बारकी पिन. आत डोळ्यांना काही दिसायचं नाही. म्हणून मास्तरांनी रीत घालून दिली होती, की पाच पिना डब्याच्या झाकणात ठेवायच्या आणि झाकण रिकामं झालं की काम झालं. मास्तर आमचे प्रशिक्षक, एअर फोर्समधून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. बारा वर्षं त्या झाकणानं आम्हाला कधी दगा दिला नव्हता.

मी पंपाच्या कारखान्यात टर्नर. रविवारी मात्र क्लबाचा मेकॅनिक, बिनपगारी आणि फुल अधिकारी.

आणि त्या ग्लायडरमध्ये बसणार होती माझी बायको.

शैला मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. तिला क्लबात मीच आणलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. ग्लायडर उडताना पंखाचं टोक धरून चार पावलं पळायला एक माणूस लागतो, तो कमी पडत होता म्हणून. दोन वर्षांत ती एकटी उडायला लागली आणि टोक धरून पळायला मी लागलो. मी उडायचो नाही असं नाही. माझा सगळ्यात लांबचा फेरा सत्तेचाळीस मिनिटांचा. जमिनीवरून तापलेली हवा वर उठते, तिला आम्ही थर्मल म्हणतो. ती शोधून तिच्यात घारीसारखं फिरत राहिलं तर माणूस तासन्‌तास वर राहू शकतो. शैलाला ती हवा सापडायची. मला सापडायची नाही. क्लबात नवीन आलेले लोक मला “शैलाताईंचे मिस्टर” म्हणायचे आणि मी हसायचो. हसण्याशिवाय करतो काय!

त्या दिवशी तिला सलग पाच तास वर राहायचं होतं. तेवढं जमलं की प्रशिक्षकाच्या कोर्सला अर्ज करता येणार होता. दोनदा प्रयत्न फसला होता. पहिल्या वेळी तीन तासांत हवाच बसली. दुसऱ्या वेळी, म्हणजे गेल्या वर्षी, चार तास वीस मिनिटांवर वळवाचं आभाळ आलं म्हणून मीच लाल चादर टाकून तिला खाली बोलावलं. त्या काळी आमच्या ग्लायडरमध्ये रेडिओ नव्हता. धावपट्टीच्या कडेला वीस फुटी लाल कापड पसरलं की वरच्यानं समजायचं, काही असलं तरी आत्ता खाली ये.

या खेपेला अर्जाची मुदत महिनाअखेरची होती.

“अहो, फॉर्म आलाय,” ती सकाळीच म्हणाली होती. माझा हात तेव्हा ग्लायडरच्या पोटात होता, गाल पत्र्याला टेकलेला. ती झाकणातून एकेक पिन माझ्या दुसऱ्या हातात देत होती. “आठ महिन्यांचा कोर्स आहे. राहण्याची सोय तिथंच.”

“आठ महिने?”

“हो.”

“आणि घर?”

“घर आठ महिन्यांत पळून जातंय होय? तुम्हाला भाकरी येते, पिठलं येतं.”

“लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक?”

मला लोकांची नावं सांगता येईनात. मग माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुला काय, तुला वर जायला मिळालं की खालचं सगळं तुला मुंग्यांएवढं दिसतं. ती म्हणाली, तुम्हाला खालून तरी मोठं काय दिसतं? मी म्हणालो, आण इकडे झाकण, माझं मी करतो. तिनं झाकण माझ्या पायाशी ठेवलं आणि ती पाणी प्यायला गेली. मी उरलेल्या पिना स्वतःच घेऊन बसवल्या. शेवटी झाकणात एक पिन राहिली. ती मी उचलून अवजारांच्या पेटीत टाकली.

ती का उरली हे मला माहीत होतं. म्हणजे माहीत होतं असं मला वाटत होतं. गुरुवारी पाचातली एक पिन झिजलेली दिसली म्हणून मी कारखान्यात नवीन बनवून आणली होती. जुनीच्या डोक्यावर कानस मारून खूण केली होती. नव्या-जुन्या मिळून झाकणात सहा पिना होत्या. पाच लागल्या, जुनी उरली. हिशेब सरळ होता. उरलेल्या पिनेचं डोकं मी बघितलं नाही, कारण डोळ्यांसमोर शैलाची पाठ होती आणि मनात तिला द्यायची पुढची तीन उत्तरं.

नंतर मी आत बसून दांडा हलवला आणि मास्तरांनी पंखाच्या हलत्या पट्ट्या बाहेरून तळव्यानं दाबून धरल्या. सगळं घट्ट लागलं. मग मास्तरांनी झाकणाचं विचारलं.

अकरा दहाला आमच्या बाबूलाल मुल्लानं विंच, म्हणजे दोर गुंडाळून ग्लायडर वर ओढणारं यंत्र, सुरू केला. मी टोक धरून पळालो. दोर ताणला, ग्लायडर उचललं आणि शैला माझ्याकडे न बघता वर गेली.

एक तास बरा गेला. ती वर टिकली होती. पठाराच्या दक्षिणेला, टेकडीच्या अंगाला पांढरा ठिपका गोल गोल फिरत होता. मास्तर मान वर करून म्हणाले, “आज पोरगी करतीया बघ. हवा झकास हाय.”

मी “हं” म्हणालो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला नव्हता. वाईटही वाटत नव्हतं. आत काहीतरी ठुसठुसत होतं एवढंच. मी शेडमध्ये गेलो, माठातलं पाणी प्यालो, तोंड धुतलं आणि पुसायला खिशातून रुमाल ओढला.

फरशीवर काहीतरी टिणकन पडलं.

पिन होती. उचलली. डोक्यावर कानशीची खूण.

 गुरुवारी नमुन्याला म्हणून नेलेली, कारखान्यातून रुमालात गुंडाळून परत आणलेली, झाकणात टाकायची राहून गेलेली. म्हणजे झाकणात सहा नव्हत्याच. पाच होत्या. पाचातली एक मी पेटीत टाकली होती.

मी धावत गेलो, पेटी उपडी केली. पाने, स्क्रू, वायसर यांच्यात नवी कोरी चकचकीत पिन पडलेली. डोकं साफ. खूण नाही.



पिन नसली तरी सांधा लगेच सुटत नाही. जिभळीला स्प्रिंग असते, ती धरून ठेवते. म्हणून तर सकाळी सगळं घट्ट लागलं. पण हवेत ग्लायडर थरथरतं, हिसके बसतात आणि जिभळी केसाकेसानं मागं सरकते. कधी दहा फेऱ्यांत सुटत नाही, कधी दोन तासांत सुटते. सुटली की पायलटच्या हातातला दांडा हलतो आणि पंख ऐकत नाही. क्लबात पॅराशूट नव्हतं. आणि पाचातला कुठला सांधा बिनपिनेचा होता, हेही मला माहीत नव्हतं.

“मास्तर!” मी ओरडलो. “मास्तर, एक पिन राहिलीय!”

मास्तर वळले. मी हात पुढे केला. तळव्यावर दोन पिना. त्यांनी एक उचलली, डोकं बघितलं, दुसरी उचलली, डोकं बघितलं. मला वाटलं आता शिव्या येतील. आल्या नाहीत.

“झाकण रिकामं म्हणालास न्हवं?”

“मला वाटलं जुनी उरलीय.”

“वाटलं,” ते म्हणाले. घड्याळ बघितलं. बारा अठ्ठावीस. “चादर टाक. पळ.”

मी आणि बाबूलालनं चादर ओढत नेली, पसरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. एवढं करताना मी तीनदा वर बघितलं. ठिपका फिरत होता. दर फेरीत तो पंख कलता करून वळायचा आणि मला वाटायचं, आता हा सरळ होणारच नाही.

“आली,” बाबूलाल म्हणाला. “बघितली बघा बाईंनी.”

खरंच. ठिपका टेकडी सोडून आमच्याकडे सरकला, मोठा झाला, पंख दिसायला लागले. ती थेट डोक्यावर आली. हजारभर फूट असेल. तिनं पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवले. आमच्यात त्याचा अर्थ एकच, तुमची खूण पाहिली.

मग ती वळली आणि परत टेकडीकडे निघून गेली.

“ए!” मास्तर वर बघून ओरडले, जणू तिला ऐकू जाणार होतं. “कुठं चाललीस? अगं ए!”

ठिपका पुन्हा लहान झाला. टेकडीवर जाऊन पुन्हा गोल फिरायला लागला. बाबूलालनं डोक्यावरचा रुमाल काढला, परत बांधला.

“पाहिलंय की तिनं,” मास्तर म्हणाले. “पंख हलवलं. मग उतरंना का? पाच तासांच्या नादात चादरीलाबी जुमानंना व्हय? असली न्हाई ती. सया, असली न्हाई ती पोरगी.”

मी चादरीभोवती फिरत होतो. एका जागी उभं राहवत नव्हतं. कोपरा सारखा कर, दगड उचल, परत ठेव. चादर वाऱ्यानं फुगत होती आणि मी ती पायानं दाबत होतो.

“ती नाही उतरायची,” मी म्हणालो.

“का?”

“चादर मी टाकलीय म्हणून.”

“म्हंजे?”

  बाबूलालला मी म्हणालो, तू विंचकडे जा. तो गेला.

“मास्तर, गेल्या वर्षी तुम्ही जतला लग्नाला गेला होतात.”

“बरं?”

“तेव्हा वळीव नव्हता आला. आभाळ होतं, पण पार लांब. पूर्वेला. तिचे चार तास वीस मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटं उरली होती. सगळे खाली टाळ्या वाजवायला जमले होते.” मी थांबलो. “मी चादर टाकली.”

मास्तरांनी मान वर करून टेकडीकडे बघितलं.

“तिला पाच तास होऊ द्यायचे नव्हते मला. म्हणजे तसं ठरवलं नव्हतं. हातानं झालं.”

“हातानं,” मास्तर म्हणाले.

“तिला संशय असणार. आजही सकाळी आमचं कोर्सवरून वाजलं. तिला वाटतंय मी परत तेच करतोय. मी दहा चादरी टाकल्या तरी ती नाही यायची.”

मास्तरांचा उजवा हात वर आला. मी डोळे मिटले नाहीत. त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण हात तसाच खाली गेला.

“तुजं थोबाड मागनं फोडीन,” ते म्हणाले. “आधी तिला खाली आणू. डबल सीटर काढ.”

“कोण जाणार?”

“तू गेलास तर ती पार कोल्हापूरला जाईल. मीच जातो.”

मास्तर तेव्हा बासष्टचे होते. रक्तदाब होता, डॉक्टरांनी एकट्यानं उडायला मनाई केली होती. ते मी बोलून दाखवलं नाही. त्यांना ठाऊक होतं आणि मला त्या क्षणी फक्त शैला हवी होती. डबल सीटर, म्हणजे क्लबाचं दोन माणसांचं ग्लायडर, कायम जोडलेलंच असायचं. आम्ही ते ढकलत धावपट्टीवर आणलं. मास्तर आत बसले, पट्टे आवळले. मी काच बंद करायला गेलो तर म्हणाले, “थांब. ह्याचे सांधे बघ.”

“हे काल उडालंय, मास्तर. उशीर होतोय.”

“बघ म्हणतो न्हवं!”

मी झडप उघडून हात घातला. एक, दोन, तीन, चार. पिना होत्या. शेपटीकडे पळालो, तिथलीही होती.  परत येऊन म्हणालो, “पाचही आहेत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या शब्दाचं वजन करत होते. मग त्यांनी स्वतःच पट्टे सोडले, खाली उतरून एकेक सांधा चाचपला आणि परत आत बसले. चार मिनिटं गेली त्यात. 

बारा पंचावन्नला ते वर गेले.

त्यानंतरचा तास मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. बाबूलाल विंचजवळून चालत आला, बसला, बिडी काढली, न पेटवता परत ठेवली. मी धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होतो. चालताना सकाळ आठवत होतो. पहिल्या पिना तिनं दिल्या, त्या मी नक्की लावल्या. किती दिल्या? दोन? तीन? ती पाणी प्यायला गेल्यावर मी आधी कुठला सांधा धरला? डावा? प्रत्येक वेळी वेगळं आठवायचं. ज्या बोटांवर माझा एवढा भरवसा, जी बोटं अंधारात लोखंडाची जाडी सांगायची, त्यांना एवढंही सांगता येईना.

वर दोन ठिपके झाले होते. एक उंच, एक खाली. मास्तरांना हवा सापडायला वेळ लागत होता. मध्येच ते इतके खाली आले की मला वाटलं उतरणार. मग कुठंतरी त्यांनी ती धरली आणि गरागरा वर चढत गेले.

“देवा,” मी म्हणालो, “तिला पाच तास दे, आठ महिने दे, काय पायजे ते दे. खाली येऊ दे फक्त.”

“या अल्ला,” बाबूलाल माझ्यापाठोपाठ म्हणाला आणि वरच बघत राहिला.

दोन्ही ठिपके जवळजवळ आले. एकमेकांच्या बाजूनं फिरले. एक फेरी, दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत वरचा ठिपका वर्तुळातून बाहेर पडला आणि नाक आमच्याकडे करून यायला लागला.

वर काय झालं ते नंतर मास्तरांनीच सांगितलं. ते तिच्या शेजारी गेले. काचेतून तोंडं दिसत होती. त्यांनी हातानं खाली जा म्हणून सांगितलं. तिनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि मान हलवली. त्यांनी परत सांगितलं. तिनं परत मान हलवली. तेव्हा मास्तरांनी दांडा गुडघ्यांत धरला, डोक्यावरची टोपी काढली आणि तिला दोन्ही हात जोडले. या माणसानं बारा वर्षांत एकाही विद्यार्थ्याचा नमस्कार धड घेतला नव्हता, “सलाम नको, काम दाखव” म्हणायचे. तिनं ते जोडलेले हात बघितले आणि ती वळली.

ती उतरत होती तेव्हा मी धावपट्टीच्या कडेनं पळत होतो. ती लांबून, सपाट, हळू आली. वाऱ्याच्या एका झुळकीनं डावा पंख किंचित खाली गेला. उचलला गेला.  चाक टेकलं, धूळ उडाली, ग्लायडर घसटत गेलं आणि थांबलं. एक पंख हळूच जमिनीला टेकला.

एक पंचावन्न. दोन तास पंचेचाळीस मिनिटं.

शैलानं काच उघडली. चेहरा लाल, ओठ सुकलेले. माझ्याकडे न बघता विचारलं, “मास्तरांना काय झालं? बरं वाटत नाहीये का त्यांना?”

“तू उतर आधी.”

“काय झालंय?”

“उतर, शैला.”

ती उतरली. मी झडप उघडली आणि हात आत घातला. पहिला सांधा, पिन आहे. दुसरा, आहे. तिसऱ्याला बोट लागलं आणि पिनेच्या जागी रिकामं भोक लागलं. जिभळी अर्ध्यापेक्षा जास्त मागं सरकलेली होती. मी सांधा दोन बोटांत धरून नुसता हलवला. जोर लावला नाही. तो सुटला.

मी हात बाहेर काढला. “डाव्या पंखाचा,” मी म्हणालो. “पिन नव्हती. मी लावली नव्हती.”

तिनं मला बाजूला केलं, बाही वर सारली आणि स्वतःचा हात आत घातला. बराच वेळ ती पत्र्याला गाल टेकून तशीच उभी होती. मग हात काढला. त्याला काळं वंगण लागलं होतं. ते तिनं पँटला पुसलं.

“म्हणून चादर टाकलीत?”

“हो. तू पाहिलीस. पंख हलवलेस.”

“पाहिली.”

“मग आली का नाहीस?” मला माहीत असून मी विचारलं. अजून कुठंतरी आशा होती, की ती दुसरं काही सांगेल.

“गेल्या वर्षी आले होते की,” ती म्हणाली.

मास्तर तेव्हा उतरत होते. त्यांचं चाक टेकल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

“शैला, गेल्या वर्षी वळीव नव्हता.”

“माहितीये.”

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. आभाळ तुम्ही खालून बघत होतात, मी वरून बघत होते. वीस कोसांवर होतं ते.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.”

“वर्षभर?”

“वर्षभर.”

मला तिच्या हाताला धरायचं होतं. धरलं नाही. ती वंगणाचं बोट अंगठ्यावर घासत उभी होती.

“आजचं चुकून झालं,” मी म्हणालो. “आईची शपथ. पिन रुमालात राहिली होती. चुकून झालं गं.”

“असेल,” ती म्हणाली.

एवढंच. “असेल.” रागानं नाही, टोमण्यानं नाही. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि ते चुकूनच झालं हे तिला पटवून द्यायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. मला तेव्हा जे वाटलं त्याला भीती म्हणावी लागेल. ती वर असतानाची भीती वेगळी होती.

मास्तर आले. घामानं शर्ट चिकटलेला, श्वास लागलेला. सुटलेला सांधा बघितला, शैलाच्या डोक्यावर एकदा हात ठेवला आणि शेडमध्ये जाऊन वही घेऊन आले. अपघात होता होता टळला तरी वहीत लिहायचं, हाही त्यांचाच नियम. पंखाच्या सावलीत आम्ही तिघं बसलो. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

“तूच लिही.”

मी लिहिलं. तारीख, ग्लायडरचा नंबर, डाव्या पंखाचा सांधा, पिन बसवायची राहिली, चूक माझी. झाकण रिकामं नसताना रिकामं सांगितलं, तेही लिहिलं. पुढं थांबलो.

“वैमानिकानं खूण मिळूनही लगेच का उतरलं न्हाई, ते लिहावं लागंल,” मास्तर म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “चादर दिसली न्हाई, असं लिही. ऊन होतं, धूळ होती. कमिटीत कुणी इचारणार न्हाई. घरातलं घरात ऱ्हाऊ दे.”

म्हातारा मला वाचवत होता. तासाभरापूर्वी ज्याचं थोबाड फोडायचं होतं त्याला. मी पेन टेकवलं.

“मास्तर,” शैला म्हणाली, “मला दिसली होती.”

“अगं पण,”

“मला दिसली होती. खरं लिहू दे त्यांना.”

 मी शैलाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, सकाळपासून पहिल्यांदाच. त्या बघण्यात शिक्षा नव्हती. ती वाट बघत होती.

मी लिहिलं, “वैमानिकाला चादर दिसली होती. मागील वर्षी मी खोटी चादर टाकली होती. त्यामुळे चादर टाकणाऱ्यावर वैमानिकाचा विश्वास नव्हता.”

खाली सही केली. वही तिच्याकडे दिली. तिनं सगळं सावकाश वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि वैमानिकाच्या सहीच्या जागी लिहिलं, “वरील मजकूर खरा आहे. शैलजा सयाजी डुबल.”